एक जुलै

कोर्टाच्या भिंतीला लागून माझं टेबल,
लिंबाखाली, बत्तीस वर्षं.
भाडेकरार, वाटणीपत्र, नावातली चूक;
माणसांनी एकमेकांना दिलेला शब्द
मी टाईप करतो, पानाला तीस रुपये.
हॉकीचा करार आज पहिल्यांदा आला.

अमरीकसिंग लांगरी, गोलकीपर.
गुडघ्याला पट्टा, हातात चौतीस पानं.
बाकावर बसताना पाय सरळच ठेवला त्यानं.
"काका, बाकीचं राहू द्या.
मी मोकळा कव्हा होतो, तेवढं सांगा."

कलम अकरा.
सात हंगाम पुरे,
नाहीतर तीस जूनला सत्तावीस पूर्ण,
जे आधी घडेल ते.
मग कुठल्याही संघाचं दार वाजवावं.
तोवर माणूस अर्धा मोकळा:
दुसऱ्यानं बोली लावायची,
आणि जुन्यानं तेवढेच पैसे टाकून
दंडाला धरून परत बसवायचं.

हंगाम मोजले. सहा.
दहा सामन्यांच्या आत आटोपलेलं साल
साल नसतं,
हे कलमाच्या पोटात, मुंगीएवढ्या अक्षरात.
"गुडघा फुटला तो त्यांच्याच मैदानात," तो म्हणाला,
"मग ते साल कुणाच्या खात्यात?"
मी पान उलटलं.

राहिलं वय.
दाखल्यावर एक जुलै.
आई सांगते, हल्ल्याच्या दिवशी झालास,
रस्ताभर घोडे,
सुईण गल्लीच्या तोंडाशी अडकलेली.
पण पहिलीत नाव घालताना
बाप ट्रकवर, आसामकडे कुठंतरी,
आणि गुरुजींनी विचारलं नाही.
आमच्याकडं गुरुजींच्या एका पेनातून
निम्मा जिल्हा एकाच दिवशी जन्मला.
माझीसुद्धा एक जुलै.

म्हणजे तीस जूनला तो सव्वीसच.
एका रात्रीनं.

क्लबनं दुसराही कागद दिलेला: आठ वर्षं.
आकडा वाचताना मी शून्यं दोनदा मोजली.
"सही केली तर घर होतं," तो म्हणाला,
"पण पस्तिशीपर्यंत त्यांचाच."

माझा बाप मुदखेडच्या शिवारात सालगडी.
पाडव्याला साल फिटायचं.
सकाळी कासरा खुंटीला अडकवायचा, मालकाला रामराम,
आणि दिवस मावळेपर्यंत तो कुणाचाच नसायचा.
आम्हाला घेऊन नदीवर जायचा.
काही करायचा नाही. दगडावर बसायचा.
संध्याकाळी कुणीतरी उचल पुढं करायचं.
म्हणायचा, एका पाडव्याचंच बोलावं,
दोन पाडव्यांचं बोलला तो गडी
तिसऱ्याला दावणीला.

हे मी अमरीकला सांगितलं.
पुढचं सांगू की नको, असं झालं.
पण कागदाच्या धंद्यात अर्धं सांगू नये:
खोकला लागला त्या साली
याच बापानं मालकाकडं पाच सालं मागितली होती.
मालक म्हणाला, एकच देतो.

चहा आला. गार झाला.
त्यानं गुडघ्यावरचा पट्टा सैल केला, परत आवळला.
"आठ वर्षांचं नंतर बघू," म्हणाला.
"आधी माझा जन्म खरा करा."

मशिनीत कागद सरकवला.
मी, खाली सही करणार,
शपथेवर लिहून देतो की माझा जन्म दिनांक
इथं बोटं थांबली.
हल्ला तिथीनं येतो.
त्या साली कुठल्या तारखेला होता?

त्यानं आईला फोन लावला,
स्पीकरवर टाकून माझ्या टेबलावर ठेवला.
पलीकडं कढईचा आवाज, मग ती:
"तारीख कशाला पाहिजे रे?
घोडे होते म्हणून लिहायला सांग."